आकड्यांचा नंदी आणि पाऊण दगड

सिंदी (रेल्वे)
हरितालिका, दुपारी दीड

ती. पद्मा आत्या,

नमिताचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे असं फोनवर विचारलं की तुम्ही "बरा आहे" म्हणता आणि मागून सुमीतदादा "काही बरा नाही" म्हणतो, त्यामुळे आमच्याकडे एकाच गुडघ्याच्या दोन नोंदी झाल्या आहेत. उत्तरात नक्की काय ते कळवा, आणि डावा-उजवा वेगवेगळा लिहा. तुमच्या नातीला, ऋचाला, आशीर्वाद. तिचा विषय पुढे येईलच, कारण या सगळ्या प्रकरणाची सुरुवात सहावीतल्या त्या मुलीपासून झाली आणि तिला याची कल्पनाही नाही. इकडे सर्व ठीक. आईचा आज उपास आहे, बाबा जेवून पडले आहेत, आणि मी घरूनच चालणाऱ्या ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत (पंचेचाळीस मिनिटं) हे लिहायला घेतलं आहे. पुरणार नाही, हे मला माहीत आहे.

कागदावर का, असं तुम्ही विचाराल. फोनवर बोलायचं तर बाबा पलीकडच्या खोलीत असतात आणि आपल्या घराची मधली भिंत छतापर्यंत गेलेली नाही. घरच्या ग्रुपवर लिहायचं तर तिथेही बाबा असतात. तुम्हाला वेगळा मेसेज पाठवला तर तो सुमीतदादा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. (मागे माझ्या एका स्थळाबद्दलचा मेसेज त्याने पाहुण्यांसमोर वाचला होता. स्थळाचं काही झालं नाही, त्यामुळे माझी तक्रार नाही, पण पद्धत बरोबर नव्हती.) पाकीट मात्र तो तुमच्या हातात देतो.

तर, आषाढात तुम्ही बाबांना फोनवर सांगितलंत की ऋचा शाळेत संगणकाला आज्ञा लिहून चित्रं काढायला शिकली. तिने वर्तुळ, चौकोन आणि त्रिकोण वापरून घर काढलं, तेही हाताने नाही, नुसते आकडे लिहून. बाबांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला होता. "आकड्यांवरून?" तुम्ही हो म्हणालात आणि लगेच दुधाचा विषय काढलात. तुम्ही जन्मभर गणित शिकवलं असल्यामुळे तुम्हाला त्यात विशेष वाटलं नसेल. पण चौतीस वर्षं भूकरमापक म्हणून ज्या माणसाने दिवसा वावरात मोजणी केली आणि मग नुसत्या आकड्यांवरून कागदावर नकाशे उतरवले, त्याच्या कानात तो शब्द राहिला. बाबांच्या कानात एखादी गोष्ट राहिली की ती बाहेर येईपर्यंत कोणाला कळत नाही. आमच्या घरात हा दोष फक्त त्यांनाच नाही, हेही मान्य करते.

ती बाहेर आली समितीच्या बैठकीत. आपल्या मोहल्ल्याचा तान्हा पोळा तुम्हाला माहीतच आहे (गावाचा मोठा वेगळा, हा शाळेमागच्या मैदानावरचा, साठ-सत्तर नंद्यांचा). मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं आपापले चाकांचे लाकडी नंदी सजवून आणतात आणि मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेषेवर ओळीने उभे करतात. ती फक्की सव्वीस वर्षं बाबांनी मारली. तीस मीटरची फीत, दोन खुंट्या, सुतळी आणि चुन्याचा डबा. शेवटच्या नंदीच्या मागे उभं राहून पाहिलं तर पहिल्याचं फक्त एक शिंग दिसावं, अशी त्यांची रेषा असते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण ही रेषा होती तोवर ते पूर्ण निवृत्त झालेले नव्हते. यंदा अध्यक्ष बापूराव म्हणाले की मोजणीसाहेबांनी आता खुर्चीवर बसून मार्गदर्शन करावं, कारण मंडपवाल्या अंकुशने लाल किरणाची रेषा मारणारं यंत्र घेतलं आहे. बापूराव वाईट माणूस नाहीत. त्यांनी ते आदरानेच म्हटलं, आणि त्यामुळेच त्यावर भांडता आलं नाही.

बाबा घरी आले, फीत कोरड्या फडक्याने पुसली, तिला तेलाचं बोट लावलं आणि गुंडाळून कपाटावर ठेवली. पुढचे पाच दिवस त्यांनी पेपर वाचला. पूर्ण वाचला, जाहीर नोटिसा आणि हरवलेल्या शिक्क्यांसकट. टीव्हीवरच्या बातम्यांशी ते वाद घालेनात, तेव्हा आईने केळझरच्या गणपतीला नारळ बोलून टाकला. मग पुढच्या बैठकीत, भाड्याने येणाऱ्या मोठ्या एलईडी पडद्यावर भाषणांच्या आधी काय दाखवायचं असा विषय निघाला. कोणी म्हणालं, एखादा तयार व्हिडिओ लावू. त्यावर बाबा खुर्चीवरूनच म्हणाले, "नंदी मी काढतो. आकड्यांनी." कोणालाच काही कळलं नाही, म्हणून कोणी विरोध केला नाही. बापूरावांनी तो ठराव इतिवृत्तात लिहून घेतला आणि चार दिवसांत चौकात फलक लागला: 'खास आकर्षण, संगणकीय नंदी, सादरकर्ते मोजणीसाहेब श्री. श्रीधर निखाडे'. फलकावरचा फोटो त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमातला आहे आणि त्यात त्यांच्या हातात नारळ आहे. म्हणजे आता पुढे दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. एक तर पडद्यावर नंदी उभा राहील, नाही तर बाबा उरलेलं आयुष्य पेपरातल्या नोटिसा वाचतील. हातात पंचवीस दिवस होते. लॅपटॉपचं झाकण कुठून उघडतात हे त्यांना माहीत नव्हतं.

शिकवणी संध्याकाळी सहा ते सात ठरली. पहिल्या दिवशी मी त्यांना पडद्यावरची रिकामी चौकट दाखवली: सहाशे ठिपके रुंद, चारशे ठिपके उंच. कोणताही आकार काढायचा तर तो कुठे काढायचा हे दोन आकड्यांनी सांगायचं. डावीकडून किती आणि वरून किती. बाबांनी विचारलं, "पक्का दगड कोठी आहे?" प्रत्येक मोजणी एका पक्क्या दगडापासून सुरू होते, त्याशिवाय फीत उघडायचीच नाही. मी म्हटलं, वरचा डावा कोपरा, तिथे दोन्ही आकडे शून्य. त्यांना ते आवडलं नाही. शून्य खाली असतो, माणूस खालून वर जातो, वरून खाली फक्त पाणी येते, असं त्यांचं म्हणणं पडलं. तरी पहिलं वर्तुळ त्यांनी त्या कोपऱ्यातच काढलं, लाल रंगाचं, शून्य आणि शून्यावर, दगड म्हणून. पडद्यावर अर्थातच वर्तुळाचा पाव भाग दिसला, कारण बाकीचा चौकटीच्या बाहेर गेला. बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले की पाऊण दगड शेजाऱ्याच्या हद्दीत गेला आहे आणि उद्या यावरून केस होईल. मी दगड आत सरकवायचा मार्ग सांगितला. पक्का दगड सरकवणं हा गुन्हा आहे, असं उत्तर मिळालं. तो पाव दगड शेवटपर्यंत तिथेच राहिला.

मग मी त्यांना समोरचा, म्हणजे उजवा खालचा कोपरा दाखवला: इथे दोन्ही आकडे सगळ्यात मोठे. त्या कोपऱ्याकडेही ते बराच वेळ बघत होते. मुद्दा समजला, असं मला वाटलं. (ही नोंद लक्षात ठेवा.)

रंगांचा धडा आठवडाभर चालला. संगणकावर प्रत्येक रंग तीन आकड्यांचा असतो, लाल किती, हिरवा किती, निळा किती, आणि प्रत्येक आकडा शून्य ते दोनशे पंचावन्न. लाल आणि हिरवा पूर्ण घातला की पिवळा होतो, हे मी सांगितल्यावर बाबांनी आईला बोलावून विचारलं, आईने शेजारच्या देवकाबाईंना विचारलं, आणि दोघींनी मिळून असं होत नसल्याचा निकाल दिला. मी करून दाखवलं. देवकाबाई पडद्यावरच्या पिवळ्याकडे पाहून म्हणाल्या, "होते, पण चांगलं नाई दिसत." पांढऱ्याला तर चार दिवस गेले. तिन्ही आकडे पूर्ण दिले की पांढरा, इतकं ते सोपं आहे. पण बाबांना गवळाऊ जातीच्या बैलाचा पांढरा हवा होता, तोही पोळ्याच्या सकाळी धुतल्यानंतरचा. ते रोज मागच्या आळीत जाऊन एका बैलासमोर उभे राहत आणि परत येऊन एखादा आकडा दोनने कमी करत. बैलाचा मालक आईला येऊन विचारून गेला की साहेबांना बैल घ्यायचा आहे का. शेवटी दोनशे अडतीस, दोनशे छत्तीस, दोनशे सव्वीस असा तो पांढरा ठरला. मला तो पहिल्या पांढऱ्यापेक्षा वेगळा दिसत नाही. बैलाला दिसत असावा.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. पुढच्या घोळासाठी आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा. बाबा सगळं आधी एका लांब वहीत पेन्सिलने लिहीत, सकाळी, आम्ही उठायच्या आत. मग मी दुपारी जेवायला उठले की लॅपटॉपवर उतरवत. ती वही मी मागितली तेव्हा त्यांनी ती मिटून मांडीखाली घेतली. मोजणी चालू असताना मोजणीचं पुस्तक पक्षकाराला दाखवत नाहीत, काम संपल्यावर दाखवतात. आणि मी या कामात पक्षकार होते. त्यांनी लॅपटॉपवर उतरवलेलं माझ्याच लॅपटॉपवर होतं, एका क्षणात उघडता आलं असतं. पण तेही मी उघडलं नाही. दुसऱ्याच्या कागदांत डोकावू नये ही शिकवण मला कोणी दिली, हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे मला फक्त चित्र दिसायचं, आज्ञा दिसायच्या नाहीत.

आणि चित्र असं होतं की बैल लाल आणि शिंगं पांढरी. चार दिवस पांढऱ्यामागे घालवलेल्या माणसाने लाल बैल काढलेला पाहून मला आश्चर्य वाटलं, पण विचार बदलला असेल असं धरून मी "ठीक आहे" म्हटलं. बाबांनी अर्थातच पांढरा बैल आणि लाल शिंगं लिहिली होती. आपलंच काही चुकलं असेल, आणि मुलगी ठीक म्हणते आहे म्हणजे ही चूक फार मोठी नसेल, असं धरून तेही गप्प राहिले. अशा रीतीने लाल बैल आमच्या घरात तीन दिवस उभा होता आणि दोघांपैकी एकानेही का असं विचारलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी मागे हिरवी जमीन घातली आणि बैल नाहीसा झाला. शिंगं, चाकं, झूल, पाव दगड, काहीच उरलं नाही. चौकटभर नुसता हिरवा. बाबा म्हणाले, आकडे बरोबर आहेत. मी म्हटलं, वही दाखवा. ते म्हणाले, दाखवता येत नाही. मी म्हटलं, मग मला चूक सापडणार नाही. ते म्हणाले, आकडे बरोबर आहेत. आत्या, दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. माझ्या हाताखाली चार जण हेच काम करतात. आणि माझ्या स्वतःच्या घरात चौकटभर हिरवळ होती, त्या हिरवळीखाली एक बैल गाडला गेला होता आणि पोळा आठ दिवसांवर आला होता.

बाबा पुन्हा नोटिसा वाचायला लागले. 'संगणकीय नंदी' लिहिलेल्या चौकातून जायला नको म्हणून दुधाला लांबच्या रस्त्याने जाऊ लागले. आईने बोललेल्या एका नारळाचे पाच केले.

चूक सापडली ती आईमुळे. बाबा बैठकीला गेले होते. मला असं सुचलं की मी पक्षकार आहे, पण आई नाही. तिने वही वाचावी, मी ऐकून नव्याने उतरवावं; मी पाहिली, असं मग कोणालाही म्हणता येणार नाही. (हा मुद्दा कायद्यात कितपत टिकेल माहीत नाही.) आईने गवाराच्या शेंगा बाजूला ठेवल्या, हात पुसले आणि चाळताना पहिल्याच पानावर थांबून बराच वेळ चष्मा पुसला. काच घाण असेल, असं मला वाटलं. मग बैलाचं पान काढून ती वाचायला लागली: हिरवा, पूर्ण चौकट. लाल, दगड. पांढरा, चार पाय. मग पोट, मग मान. मी मुकाट्याने उतरवत गेले. पंधरा मिनिटांनी मी चालवून पाहिलं, आणि हिरव्या जमिनीवर पांढराशुभ्र, लाल शिंगांचा, चार चाकांवरचा नंदी उभा होता. वही तीच, आकडेही तेच, एकही चूक नाही. मी आईकडे पाहिलं. मग ती वही कशी धरून बसली आहे याकडे पाहिलं. तिचं बोट पानाच्या सगळ्यात वरच्या ओळीवर होतं. ती संपत आली होती तेव्हा वर पोचली होती.

"तू खालून वाचलंस?" मी विचारलं.

आई म्हणाली, "मंग? तुया बाबाची वही खालूनच वाचा लागते. तीस वर्सं झाले वाचून राह्यली मी."

आत्या, मोजणीचं पुस्तक तळापासून वर लिहितात. माणूस फीत घेऊन पुढे चालत जातो आणि पुढचं ते पानावर वर येतं, म्हणून पहिली नोंद सगळ्यात खाली आणि शेवटची सगळ्यात वर. बाबा रात्री नकाशे काढत तेव्हा आई त्यांना आकडे वाचून दाखवायची, म्हणून तिला हे पाठ होतं. मी त्याच घरात वाढले आणि मला ते कधी दिसलं नाही. बाबांनी बैलाच्या आज्ञाही तशाच लिहिल्या होत्या, खालून वर, आणि लॅपटॉपवर उतरवताना पान जसंच्या तसं उतरवलं होतं, कारण नक्कल मुळाबरहुकूम असायला हवी. संगणक मात्र वरून खाली वाचतो. त्याने आधी डोळा काढला, मग शिंगं, मग बैल, आणि सगळ्यांत शेवटी, बाबांच्या सगळ्यांत पहिल्या आज्ञेप्रमाणे, सगळ्यावर हिरवा रंग फासला. रंगही आधी सांगायचा आणि आकार मग काढायचा असतो. उलट वाचल्यावर शिंगांचा लाल बैलाला गेला. म्हणजे बाबा बरोबर होते, संगणक बरोबर होता, आणि फक्त मी, दोघांना ओळखणारी एकमेव व्यक्ती, चुकले होते. पहिल्या दिवशी "वरून खाली" हे दोन शब्द मी सांगितलेच नव्हते. हे कोणाला सांगावं लागतं, असं मला वाटलंच नव्हतं.

ते बाबांना कसं सांगायचं यावर मी एक पूर्ण दिवस विचार केला. शेवटी म्हटलं की यंत्राला एक मर्यादा आहे, त्याला वरूनच वाचता येतं. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता फीत, वही आणि लॅपटॉप तिन्ही कपाटावर जाणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ती यंत्राची कीव होती.

"त्याले शिकवणारा कधी वावरात गेला नसन," ते म्हणाले, आणि तळापासून सुरू करून सगळं पुन्हा उतरवायला बसले.

परवा तान्हा पोळा झाला. दुपारीच एक गोष्ट घडली ती आधी सांगते. अंकुशचं लाल किरणाचं यंत्र दिवाणखान्यात उत्तम चालत असणार, पण भाद्रपदातल्या दुपारच्या उन्हात मैदानावर तो किरण कोणालाच दिसेना. अंकुशने त्यावर छत्री धरून पाहिली. तेव्हा छत्रीखाली दोन फूट रेषा दिसली. तीन वाजता तो आपल्या दारात आला आणि साहेब, फीत द्या, म्हणाला. बाबांनी स्टूल घेऊन कपाटावरून फीत काढली आणि त्याच्याबरोबर गेले. एक टोक अंकुशने धरलं, एक बाबांनी. परत आले तेव्हा त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत पांढरा होता आणि आईने तो धुवायला मागितला तर राहू दे म्हणाले.

संध्याकाळी मैदान भरलं. नंदी ओळीत होते (मी शेवटच्याच्या मागे उभी राहून पाहिलं, पहिल्याचं एक शिंग दिसत होतं), मुलं बोजाऱ्यासाठी, म्हणजे खाऊ-पैशांसाठी, पिशव्या घेऊन तयार, बापूराव हार घेऊन तयार. बाबांनी पडदा चालवणाऱ्याच्या हातात पेनड्राइव्ह दिला. आणि तेव्हा मला आठवलं की त्यात दोन फाइल आहेत, 'बैल' आणि 'बैल नवा', कारण बाबा जुनी प्रत नष्ट करू देत नाहीत. कोणती लावायची हे सांगायला मी पुढे निघाले, तर मध्ये साठ-सत्तर नंदी आणि त्यांच्या दोऱ्या. मी तिसऱ्या दोरीपर्यंत पोचले असेन, तेवढ्यात पडदा उजळला. पूर्ण हिरवा.

बाबांनी प्रत्येक आकारानंतर तीन सेकंद थांबायची आज्ञा घातली होती, लोकांना काम कसं होतं ते दिसावं म्हणून. हे मला माहीत होतं. तरी सांगते, तीन सेकंद ही बरीच मोठी मुदत आहे. बापूरावांनी हिरव्या पडद्याकडे पाहून टाळी वाजवली, एकट्यानेच. देवकाबाई आईला म्हणाल्या, मस्त दिसते, पण बैल चराले गेला का? मी बाबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते. ते घड्याळ बघत होते.

मग वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल पाव दगड आला (बापूराव पडदेवाल्याला म्हणाले, तिकडे पडदा खराब आहे). मग चार पाय आले, आणि पुढच्या रांगेतली मुलं ओरडली, टेबल. मग पोट आलं, म्हैस. मान, वशिंड, आणि कोणी काही ओरडेना. झुलीचे सात त्रिकोण एकामागून एक, तेव्हा मुलं आकडे मोजायला लागली, आणि लाल शिंगं आली तेव्हा सगळं मैदान मोजत होतं. शेवटी डोळा, एक काळा ठिपका. त्या ठिपक्यासरशी ती पडद्यावरची भूमिती तुमच्याकडे बघायला लागते. मला हायसं वाटलं. हे इथे लिहून ठेवते, कारण तोंडी मी ते म्हणणार नाही. मी तिसऱ्या दोरीतच उभी होते, आणि पाय अडकला होता हे मला बऱ्याच वेळाने कळलं.

टाळ्या थांबल्यावर मागून कोणीतरी विचारलं की शेपटी कुठे आहे. शेपटी नव्हती. बाबा विसरले होते, आणि आई, मी, देवकाबाई, आमच्यापैकी एकालाही ते पंचवीस दिवसांत दिसलं नव्हतं. बाबा माइकवर गेले. म्हणाले की शेपटी पलीकडच्या अंगाला आहे, इथून दिसत नाही. लोकांनी ते मान्य केलं. सरकारी माणसाच्या शब्दाला अजून वजन आहे.

सुट्टी संपून वीस मिनिटं झाली आहेत. आईने तुमच्यासाठी लोणच्याची बरणी भरून ठेवली आहे, येणाऱ्याबरोबर पाठवेल. गुडघ्याचं लिहा. सुमीतदादाला नमस्कार, पाकीट उघडं आलं तर तेही कळवा.

तुमची,
नमिता

ता. क. एक: मूळ काम लिहायचं राहिलं. कंपनीने सगळ्यांना पुण्याच्या ऑफिसात परत बोलावलं आहे, १ ऑक्टोबरपासून. मेल सव्वीस-सत्तावीस दिवसांपूर्वी, शिकवणीच्या पहिल्याच संध्याकाळी आली. तेव्हा बाबा नुकतेच नोटिसांतून बाहेर आले होते, म्हणून मी घरात सांगितलं नाही. नंदी उभा राहिल्याशिवाय मला इथून निघता येणार नव्हतं. आता राहिला आहे, तर सांगणं जमत नाही. दोन वर्षं इथून काम केल्यावर हे असं अचानक मला बोलता येत नाही. तुम्ही फोनवर बोलता बोलता सहज सांगाल का? दुधाच्या विषयाच्या जरा आधी. तुमच्याकडून आलेली बातमी बाबा वाद न घालता घेतात.

ता. क. दोन (संध्याकाळी सात): वरची विनंती रद्द समजावी. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाबांनी ती लांब वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "मोजणी संपली. आता पाह्य." मी पहिलं पान उघडलं आणि या वेळी तळापासून वाचलं. पहिल्या दिवसाची तारीख, आणि तिच्या वर पेन्सिलने: 'काम: बैल काढणे. मोजणीदार: स्वतः. हजर पक्षकार: नमिता. मुदत: ३० सप्टेंबर. त्यानंतर पक्षकार पुण्यास.' पहिल्या दिवशी मी त्यांना उजवा खालचा कोपरा दाखवत होते ना, नव्या मेलची चिठ्ठी पडद्यावर नेमकी त्याच कोपऱ्यात येते. म्हणजे ते मुद्दा समजून घेत नव्हते, मेल वाचत होते. डोकावू नये, पण समोर धरलेलं वाचावं, असा नियम असणार. आईचा चष्माही घाण नव्हता. मी "बाबा" एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "रविवारची गाडी बरी. गर्दी कमी राह्यते," आणि शेपटीचे आकडे विचारायला लागले.

ता. क. तीन: वहीतलं बैलानंतरचं पान कोरं आहे, फक्त सगळ्यात खाली एक ओळ आहे: 'काम: पद्माचे घर काढणे. हजर पक्षकार: पद्मा.' ऑक्टोबरपासून तुम्हाला रोज सहा ते सात बाबांचा फोन येईल. हो म्हणा, आणि शून्य कुठे असतो यावर वाद घालू नका. आणि हे पत्र बाबांच्या पद्धतीने तळापासून वाचलं असतंत, तर तुमचा बराच वेळ वाचला असता.